मद्रासचे स्कॉच प्रार्थनामंदिर व त्याचे पाठभेद

इ. स. १८१८ च्या एप्रिलची ६ तारीख आमच्या प्रांताच्या इतिहासात विशेष म्हणून कोणी नोंदलेली नाही. त्या दिवशी टॉमस मन्रो बेळगावच्या किल्ल्यास वेढा घालून बसला होता. किल्ला पुढे चार दिवसांनी, १० तारखेस, त्याच्या हाती आला. दुसरा बाजीराव अद्याप रानोमाळ फिरत होता. तो मालकमच्या स्वाधीन झाला तो ३ जून रोजी. ह्याच ६ एप्रिल रोजी मद्रासेस (आजच्या चेन्नईस), एग्मोर भागात, एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचा पाया घालण्यात आला. तेच सेंट अँड्र्यूज चर्च होय. स्कॉच लोक आपल्या बोलीत चर्चला 'कर्क' म्हणतात, म्हणून मद्रासेत ते नुसत्या 'कर्क' ह्या नावानेही ओळखले जाते. २५ फेब्रुवारी १८२१ रोजी ते उपासनेसाठी उघडले, तेव्हा मद्रासच्या गव्हर्नरपदी बेळगाव घेणारा तोच मन्रो होता.

ह्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे असे आमचे म्हणणे नाही. हा केवळ काकतालीय न्याय. तथापि मराठेशाहीच्या अखेरच्या प्रकरणात जी इंग्रज म्हणून नावे आपण वाचतो, त्यांतील किती इंग्रज नव्हतेच, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या योगायोगास थोडा अर्थ येतो. मन्रो ग्लासगोचा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जॉन मालकम, 'मराठ्यांची बखर' लिहिणारा ग्रँट डफ, हे सारे स्कॉच. आणि ज्याच्या नावाचा उच्चार हस्तलिखितांच्या कोणत्याही संग्राहकाने आदरानेच केला पाहिजे तो कर्नल कॉलिन मॅकेंझी हाही स्कॉटलंडच्या वायव्येस असलेल्या लुइस बेटावरील स्टोर्नोवे गावचा. ह्यांतील प्रत्येकजण देवभोळा होता किंवा रविवार चुकवीत नसे असे मुळीच नव्हे. एल्फिन्स्टनच्या धर्मबुद्धीविषयी त्याच्या स्वधर्मीयांसच शंका होती. परंतु ही माणसे ज्या समाजात वाढली त्या समाजाच्या उपासनेची रीत निराळी, तिची व्यवस्था निराळी, आणि इंग्रजांच्या धर्मसंस्थेशी तिचा दावाही जुना. तो दावा हिंदुस्थानात दगडाविटांत कसा उतरला हे मद्रासच्या ह्या वास्तूत स्वच्छ वाचावयास मिळते. म्हणून तिची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे. आपले संशोधक किल्ले पाहतात, लेणी पाहतात, मशिदी व मकबरेही पाहतात. चर्चच्या दारावरून मात्र ते पुढे जातात. हे ठीक नव्हे.

प्रथम 'प्रेस्बिटेरियन' ह्या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. ग्रीक भाषेत 'प्रेस्बिटेरोस' म्हणजे वयाने अधिक, वडील. ह्या शब्दाचा संबंध काही भाषाशास्त्रज्ञ आपल्या 'पुरोगव' शब्दाशी लावितात. ऋग्वेदातील सूर्येच्या विवाहसूक्तात अग्नीस जो 'पुरोगव' म्हटले आहे तोच हा. ही व्युत्पत्ती सर्वांस मान्य आहे असे नाही, पण अर्थाच्या बाजूने बौद्धांचा 'स्थविर' किंवा 'थेर' ह्याहून अधिक जवळचा प्रतिशब्द सापडणे कठीण. इंग्लंडच्या चर्चचा कारभार 'बिशप' पाहतो. हा शब्द ग्रीक 'एपिस्कोपोस' म्हणजे वरून पाहणारा, ह्यावरून आला; त्यातील धातू आणि आपला 'स्पश्' हे सगोत्र आहेत. म्हणजे एका पंथात वरून पाहणारा एक, तर दुसऱ्यात एकत्र बसणारे वडील अनेक, असा हा भेद नावातच आहे. स्कॉटलंडने १५६० साली रोमच्या पोपशी संबंध तोडिला. पुढे बिशप असावे की नसावे ह्यावर शंभरांहून अधिक वर्षे रक्तपातापर्यंत भांडण चालले, आणि १६९० साली वडीलमंडळांची पद्धती तेथे कायम झाली. गावचे वडीलमंडळ, त्यावर परगण्याचे, आणि सर्वांवर एडिंबरो येथील महासभा, अशी तिची उतरंड आहे. १७०७ साली इंग्लंड व स्कॉटलंड ह्यांची पार्लमेंटे एक झाली. परंतु चर्चे दोनच राहिली, आणि दोन्हीही आपापल्या देशात राजमान्य. एक राजा आणि दोन राजधर्मसंस्था, असा तो अपूर्व प्रकार होता.

हिंदुस्थानात ह्या दोन राजमान्य संस्थांपैकी कोणाचा मान ठेवावयाचा हा प्रश्न १८१३ च्या सनदेने पुढे आणिला. ही सनद आम्हां संस्कृतज्ञांस ठाऊक आहे ती निराळ्या कारणासाठी: वाङ्मयाच्या पुनरुज्जीवनाकडे व पंडितांच्या उत्तेजनाकडे वर्षास किमान एक लाख रुपये खर्चावे हे कलम तिच्यातले. त्याच सनदेने कलकत्त्यास इंग्लंडच्या चर्चचा बिशप नेमिला. तेव्हा स्कॉच मंडळींनी आपलाही हक्क सांगितला, आणि कंपनीने तिन्ही इलाख्यांच्या राजधान्यांत एकेक स्कॉच धर्मोपदेशक स्वखर्चाने ठेवण्याचे मान्य केले. कलकत्त्यास जेम्स ब्राइस, मुंबईस जेम्स क्लो आणि मद्रासेस जॉन अ‍ॅलन हे ते तिघे. तिघांसाठी तीन मंदिरे उठली: कलकत्त्याचे १८१८ च्या मार्चमध्ये, मुंबईचे १८१९ साली आणि मद्रासचे १८२१ साली उघडले. तिन्हींस नाव एकच, सेंट अँड्र्यू. कारण हा साधू स्कॉटलंडचा कुलस्वामी म्हणावयाचा. कलकत्त्याची कोनशिला तर ३० नोव्हेंबर १८१५ रोजी, म्हणजे ह्याच साधूच्या दिवशी बसविली.

उपदेशकांच्या मानापानाची गंमत कलकत्त्यास विशेष रंगली. बिशप मिडल्टन ह्याने स्कॉच मंदिरास मनोरा असण्यास हरकत घेतली. तेव्हा ब्राइसने मनोरा तर बांधीनच, आणि त्याच्या टोकावर असा कोंबडा बसवीन की तो बिशपच्या डोक्यावर आरवेल, अशी प्रतिज्ञा केली असे सांगतात. आख्यायिका म्हणून ही घ्यावी. तीत अर्थ नाही असे मात्र कोणी समजू नये. मनोरा म्हणजे राजमान्यतेची खूण. ज्या पंथास मनोरा व घंटा नाही तो केवळ चालवून घेतलेला पंथ, असा त्या काळचा इंग्रजी संकेत होता. मद्रासेतील सेंट जॉर्ज हे इंग्रजांचे चर्च १८१६ च्या जानेवारीत प्रतिष्ठित झाले. स्कॉच मंदिराचा मनोरा त्याहून उंच, १६६॥ फूट, आहे. तो उंच व्हावा असा हेतू होता की नव्हता ह्याची चर्चा वाचकांनी स्वतःशीच करावी.

मानापानाचे हे भांडण हास्यास्पद वाटले तरी त्याच्या पोटी एक गंभीर अडचण होती. स्कॉच उपदेशकाने लाविलेली लग्ने इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे खरी की खोटी, ह्याविषयीच संशय होता. लग्न खोटे ठरले तर मुले अनौरस, आणि वारसा बुडाला. कित्येक कुटुंबांचा हा प्राणावरचा प्रश्न होता. तो सोडविण्यासाठी पार्लमेंटास १८१८ साली स्वतंत्र कायदा करून हिंदुस्थानातील ही लग्ने कायदेशीर ठरवावी लागली. स्कॉच मंदिरांच्या नोंदवह्यांचे महत्त्व येथून ध्यानात येते. ती केवळ धर्मकृत्यांची टिपणे नव्हेत, तो वारसाहक्काचा पुरावा होय. त्या वह्यांविषयी पुढे सांगू.

आता वास्तूकडे वळू. हस्तलिखितांच्या अभ्यासकास ह्या वास्तूचे मर्म सांगावयाचे तर त्याच्याच परिभाषेत सांगणे सोपे. मद्रासचे हे मंदिर एका मूळ पोथीची प्रत आहे. आणि त्या पोथीच्या कर्त्याने स्वतः टाकून दिलेला एक पाठ ह्या प्रतीत ग्रंथात आला आहे.

मूळ पोथी म्हणजे लंडनचे सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे चर्च. जेम्स गिब्ज ह्या स्थपतीने ते १७२१ ते १७२६ ह्या वर्षांत बांधिले. पुढे ग्रीक-रोमन देवळासारखा स्तंभमंडप, त्यावर त्रिकोणी शिखरपट्टी, आणि मंडपाच्या मागून छपरातून वर आलेला निमुळता मनोरा, ही त्याची आकृती. गिब्जने १७२८ साली आपल्या नकाशांचा एक मोठा ग्रंथ छापिला, आणि तो ग्रंथ समुद्रापार जेथे जेथे इंग्रज गेले तेथे तेथे गेला. अमेरिकेतील वसाहतींत व हिंदुस्थानात जी शेकडो चर्चे एकाच मुशीतून काढल्यासारखी दिसतात त्याचे कारण हा छापील ग्रंथ. लष्करी इंजिनियराने ग्रंथ उघडावा, पृष्ठ निवडावे, आणि कडिया-गवंड्यांकडून ते उभे करून घ्यावे, असा प्रकार चाले. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील तिन्ही स्कॉच मंदिरे ह्या एकाच मातृकेच्या शाखा होत. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की इंग्लंडच्या चर्चला त्याचे सर्वांत अनुकरणीय मंदिर देणारा हा गिब्ज जन्माने स्कॉच, अ‍ॅबर्डीनचा. आणि पंथाने रोमन कॅथलिक, पाद्री होण्यासाठी रोमला गेलेला! तेथे त्याने पाद्रीपणाचा नाद सोडून स्थापत्य शिकले. तेव्हा ह्या मनोऱ्यांच्या भांडणात मनोरा नक्की कोणाचा, हे सांगणे अवघड आहे.

गिब्जने सेंट मार्टिनसाठी प्रथम जे नकाशे केले होते त्यांत मंदिर चौकोनी नव्हते, वाटोळे होते. खर्च फार येईल म्हणून ते नामंजूर झाले. तरी त्याने ते आपल्या ग्रंथात छापून ठेविले, जसा एखादा टीकाकार स्वतःस आवडलेला पण मूळात न बसणारा पाठ समासात लिहून ठेवितो तसे. कलकत्ता व मुंबई येथील प्रती रूढ पाठ देतात. मद्रासची प्रत समासातला पाठ उचलते: तिचा मुख्य भाग वाटोळा असून त्याचा व्यास ८१॥ फूट आहे; पूर्वेस व पश्चिमेस त्यास चौकोनी दालने जोडली आहेत; मध्यभागी सोळा स्तंभांवर घुमट आहे. हा पाठ निवडणारा टॉमस फायट द हॅविलंड, मद्रासच्या इंजिनियर पलटणीतील अधिकारी, मूळचा ग्वेर्नसी बेटाचा. कमानी व घुमट ह्यांचा त्यास छंदच होता. श्रीरंगपट्टणास त्याने विटांची एक लांब, सपाट कमान केवळ शक्याशक्यता दाखविण्यासाठी बांधिली होती, आणि ती विसाव्या शतकापर्यंत उभी होती.

त्याने वाटोळा नकाशा हौसेने घेतला, की त्यास अन्य कारण होते? आमच्या मते कारण उपासनेच्या रीतीत शोधावे. इंग्लंडच्या चर्चमध्ये दृष्टी पूर्वेकडील वेदीकडे लागलेली असते, म्हणून इमारत लांबट असावी लागते. स्कॉच पद्धतीत वेदी नाही, मूर्ती नाही. प्रभुभोजनाचे मेज आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्याख्यानपीठ. तेथे पाहण्यापेक्षा ऐकण्यास मान अधिक. आपल्याकडे कीर्तनकाराभोवती श्रोते जसे अर्धवर्तुळ करून बसतात, तसे बसता येईल अशी जागा त्यांस सोयीची. एडिंबरो शहरातील सेंट अँड्र्यूज चर्च १७८४ साली पुरे झाले. तेही लंबवर्तुळाकार आहे, आणि त्याचा नकाशाही लष्करी इंजिनियराचाच. मद्रासच्या मंडळींसमोर हे उदाहरण होते असा लेखी पुरावा आम्ही पुढे करीत नाही. परंतु नाव तेच, पंथ तोच, आकृती जवळची, आणि मधे अंतर अवघ्या चाळीस वर्षांहून कमी, एवढे जुळत असता केवळ गिब्जच्या पुस्तकावर भागविणे आम्हांस पुरेसे वाटत नाही.

आश्चर्य असे की ऐकण्यासाठी निवडलेली ही आकृती ऐकण्यास फारशी अनुकूल नसते. वाटोळी भिंत व घुमट शब्द परतवितात. आत उभे राहून हलक्या आवाजात एखादा श्लोक म्हणून पाहावा. दुसरा चरण सुरू होईतो पहिल्याचा शेवट कानात रेंगाळतो. विजापूरच्या गोल घुमटात बोलून पाहिलेल्या माणसास हे निराळे सांगावयास नको, जरी येथे प्रकार पुष्कळ सौम्य आहे.

वास्तूचा सर्वांत विस्मयकारक भाग मात्र दिसत नाही. तो जमिनीखाली आहे. एग्मोरची ही जमीन ओली व भुसभुशीत. पाऊस झाला की पाणी साचणारी. तिच्यावर एवढा मनोरा नेहमीच्या पायावर ठरला नसता. म्हणून येथे विहिरींचा पाया घातला आहे. त्याची कृती अशी: वक्र विटांचे किंवा भाजलेल्या मातीचे कडे जमिनीवर ठेवावयाचे, त्याच्या आतील माती उकरीत जावयाचे, म्हणजे ते कडे आपल्याच भाराने खाली उतरते, त्यावर दुसरे कडे, मग तिसरे, असे घट्ट थर लागेपर्यंत उतरवावयाचे, आणि नंतर पोकळी भरून काढून त्या विहिरींच्या डोक्यावर बांधकाम उचलावयाचे. मद्रासच्या ह्या विहिरी जागेनुसार १४ फुटांपासून ५० फुटांपर्यंत खोल गेल्या आहेत. यमुनेच्या काठी ताजमहालाच्या पायाखालीही विहिरी आहेत. दक्षिणेत तर भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी फार जुन्या. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडूच्या उत्खननात त्या निघाल्या आहेत. ह्यावरून द हॅविलंडच्या ग्रंथांत जे नव्हते ते त्यास येथील विहिरी खणणाऱ्यांच्या हातांत मिळाले असे म्हणण्यास हरकत नाही. त्या हातांची नावे कोठे कोरलेली नाहीत. लेख असतो तो मनोरा उभारणाऱ्याचा. पाया उतरविणाऱ्याचा लेख म्हणजे दोनशे वर्षे न कललेला मनोरा.

तीच गोष्ट गिलाव्याची. मद्रासचा 'चुनम' प्रसिद्धच आहे. शिंपल्यांचा चुना वारंवार घोटून, अखेरच्या थरात अंड्याचा बलक वगळून घेतलेला पांढरा भाग, दही, तूप असे पदार्थ मिसळून, गुळगुळीत गोट्याने तो घासावयाचा, म्हणजे त्यास संगमरवरासारखी चकाकी येते. आतील खांबांवरून हात फिरविला असता हा दगड की गिलावा अशी क्षणभर भ्रांती पडते. घुमटाचा आतील भाग गडद निळा असून त्यावर सोनेरी तारे काढिले आहेत. मूर्ती वर्ज्य मानणाऱ्या पंथाने आकाश तेवढे आपलेसे केले, हे आम्हांस मोठे हृद्य वाटले.

आता प्रक्षिप्त भागाविषयी. जे मंदिर चालू आहे त्यात क्षेपक असावयाचेच. आज आत मोठा नळ्यांचा ऑर्गन बाजा आहे. तो पाहून १८२१ च्या उपासनेतही असेच सूर घुमत असतील अशी कल्पना नवख्याने करू नये. त्या काळी स्कॉच चर्चमध्ये वाद्य वर्ज्य होते. एकाने स्वर धरावा आणि सर्वांनी दाविदाची स्तोत्रे कंठाने म्हणावी अशी रीत होती. खुद्द स्कॉटलंडमध्ये ऑर्गनला मोकळीक मिळाली ती १८६० नंतरच्या दशकात, आणि तीही बराच कडाक्याचा वाद होऊन. म्हणून येथील बाजा हा नंतरचा थर, असे पंथाच्या इतिहासावरूनच निश्चित सांगता येते. खिडक्यांतील रंगीत काचांनाही हीच कसोटी लावावी. चित्रांचे वावडे असलेल्या पिढीचे ते काम नव्हे. चित्रांशी समेट झालेल्या पिढीचे आहे. पोथीतील शाई व वळण पाहून आपण जसे हात ओळखतो तसे येथे उपासनेच्या नियमांवरून हात ओळखावयाचे असतात.

भिंतींवरील संगमरवरी स्मृतिफलक हा तर शिलालेखवाचकांचा प्रांत. मात्र असले फलक वाचताना एक धोरण ठेवावे. त्यांवरील गावांची नावे इंग्रजी कानाने ऐकलेली असतात, व एकाच गावाची तीन रूपे आढळतात. खडकीचे 'किर्की' ह्यांनीच केले. स्कॉच मनुष्यास त्यात स्वतःच्या 'कर्क'चा भास झाला असेल तर नवल नाही. फलकावरील तारीख मरणाची असते, फलक बसविल्याची नसते. पुष्कळदा तो कित्येक वर्षांनी सोबत्यांनी वर्गणी करून विलायतेहून घडवून आणिलेला असतो. तेव्हा अक्षरवळणावरून काळ ठरवू जाणारा फसेल. आणखी एक: दफन तेथेच आहे असे फलकावरून समजू नये. फलक एकीकडे आणि थडगे दुसरीकडे, हा प्रकार ह्या काळात सर्रास आहे.

दर्शनी त्रिकोणी शिखरपट्टीवर कंपनीचे चिन्ह असून त्याखाली तिचे लॅटिन ब्रीद आहे: 'ऑस्पिकिओ रेगिस एत सेनातुस अँग्लिए', म्हणजे 'इंग्लंडचा राजा व पार्लमेंट ह्यांच्या आश्रयाने'. इंग्लंडचा! ज्या मंदिराचा प्रत्येक दगड आम्ही इंग्लंडचे नव्हे, स्कॉटलंडचे, असे सांगण्यासाठी बसविला त्याच्याच कपाळी इंग्लंडचे नाव. राज्ये एक होऊन १११ वर्षे लोटली तरी कंपनीने आपले ब्रीद बदलले नव्हते, आणि जो खर्च देतो त्याचे ब्रीद मिरवावे लागते. आपल्याकडील इनामी देवस्थानांच्या सनदा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांस हे नवीन नाही.

खर्च देणाऱ्याचा अधिकार कोठवर, ह्याच प्रश्नावर पुढे स्कॉच चर्च दुभंगले. गावच्या उपदेशकाची नेमणूक जमीनदाराने करावी, की वडीलमंडळाच्या संमतीवाचून ती होऊ नये, हा वाद पुष्कळ वर्षे धुमसत होता. १८ मे १८४३ रोजी महासभा भरली ती एडिंबरोच्या वर सांगितलेल्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये; आणि तेथून उठून शेकडो उपदेशक बाहेर पडले. त्यांनी 'फ्री चर्च' काढिले. हिंदुस्थानातील स्कॉच मिशनरी त्यांस जाऊन मिळाले: मुंबईचे डॉ. जॉन विल्सन व रॉबर्ट नेस्बिट, मद्रासचे जॉन अँडरसन, कलकत्त्याचे डफ. ज्या विल्सनने मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद भूषविले, लेणी व शिलालेख ह्यांचा शोध घेतला, आणि त्याच वेळी आमच्या शास्त्र्यांशी जाहीर वादही केले, त्याने शाळागृहावर पाणी सोडले ते ह्या वादापायी. त्याच्या मतांशी आमचा पंथभेद आहेच. परंतु पगार व इमारत सोडून तत्त्व धरणे ही गोष्ट कोणत्याही पंथात नित्य घडत नाही. इमारती मात्र जुन्या चर्चकडे राहिल्या. १८४३ नंतर एकाच शहरात दोन स्कॉच मंडळ्या आढळतात त्याचे कारण हे. आणि विल्सनचे नाव मुंबईच्या सेंट अँड्र्यूजच्या १८४३ नंतरच्या कारभारात शोधणाऱ्यास ते का सापडावयाचे नाही, हेही ह्यावरून उमगेल.

ह्या कथेस विसाव्या शतकात मिळालेले वळण कोणा कादंबरीकारास सुचले नसते. २७ सप्टेंबर १९४७ रोजी दक्षिण हिंदुस्थानातील अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन झाले. समारंभ झाला तो मद्रासच्या सेंट जॉर्जमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या त्याच चर्चमध्ये. नव्या संस्थेने बिशप ठेविले, आणि वडीलमंडळांची रीतही घेतली. कर्कही पुढे तीत सामील झाले. ज्या दोन मनोऱ्यांनी एकमेकांची उंची मोजली ते आज एकाच बिशपच्या प्रांतात आहेत. बिशप नको म्हणून ज्यांनी शंभर वर्षे रक्त सांडिले त्यांच्या मंदिरात आज बिशप आला तर त्याचे स्वागत होते, आणि त्यायोगे कोणाचे काही बुडाले असे दिसत नाही. उपासना करणारे बहुतेक आपल्याच देशाचे. कंपनी गेली, पलटणी गेल्या, आणि ज्यांच्यासाठी बांधिले ते गेले. घंटा मात्र रविवारी वाजतेच.

वास्तू टिकते ती अशा वापराने, आणि बिघडतेही वापरानेच. ज्या पोथीचे रोज पारायण होते तिची पाने झिजतात व समासात नवी अक्षरे येतात. परंतु फडक्यात बांधून माळ्यावर ठेविलेली पोथी वाळवी खाते. आपल्या देवळांच्या जीर्णोद्धारात कोरीव पाषाणावर तैलरंगांचे थर चढलेले पाहून आमचा जीव कितीदा कळवळला आहे. येथेही कोणी हौसेने घोटीव चुन्यावर बाजारी रंग फासला तर तो पुन्हा निघावयाचा नाही. पण म्हणून उपासना बंद करून कुलूप लावा असे म्हणणारा संशोधक आम्हांस मान्य नाही. थर ओळखावे, लिहून ठेवावे, आणि मालकांस समजावून सांगावे, एवढाच आपला अधिकार.

जाणाऱ्याने रविवारची वेळ सोडून जावे, आधी परवानगी मागावी, आणि फलकांचे ठसे घेण्याच्या भरीस न पडता ते हाताने उतरून घ्यावे. जुन्या संगमरवरास शाईचा डाग कायमचा बसतो. पुस्तकी वाचन आधी झालेले असल्यास दोन तासांत मंदिर चांगले पाहून होते. त्यानंतर त्याच शहरात सरकारी प्राच्य हस्तलिखित ग्रंथालय पाहिल्यावाचून परतू नये. मॅकेंझीने जमविलेल्या संग्रहाचा मोठा भाग तेथे आहे, व त्या ग्रंथालयात मराठी हस्तलिखितेही आहेत. तो स्वतः ८ मे १८२१ रोजी, म्हणजे मद्रासचे हे मंदिर उघडल्यावर अडीच महिन्यांनी, कलकत्त्याकडे वारला.

राहिल्या नोंदवह्या. लग्न, बाप्तिस्मा व दफन ह्यांच्या नोंदींच्या नकला इलाख्यांतून लंडनला धाडिल्या जात, आणि इंडिया ऑफिसच्या दप्तरासह त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आमच्या कामास मद्रासपेक्षाही मुंबईच्या स्कॉच मंदिराच्या १८१९ पासूनच्या नोंदी अधिक उपयोगी पडतील. पेशवाई बुडाल्यावर दक्खनच्या नव्या जिल्ह्यांत जे साहेब लोक कामास लागले, त्यांची नावे मोडी कागदांत 'इष्टिन', 'मकडोल' अशा ओळखू न येणाऱ्या रूपांत येतात. हुद्दा व गाव ह्यांसह लग्नाची नोंद मिळाली तर माणूस व वर्ष दोन्ही पक्की होतात. आपल्या संग्रहांत १८१८ ते १८४३ च्या दरम्यानचे असे कागद ज्यांच्याजवळ असतील त्यांनी त्यांतील साहेबांच्या नावांची, मोडीत जशी लिहिली आहेत तशीच, यादी करून मंडळाकडे पाठवावी. दोन्ही बाजूंच्या याद्या समोरासमोर ठेवून जुळविण्याचे काम आम्ही आनंदाने अंगावर घेऊ.